शिंपल्यावरच्या बाईची पावणेदहाची वेळ

नाही, मी म्हणतो, ती चित्रातली बाई पाचशे वर्षं त्या शिंपल्यावर उभी आहे, बरोबर? पाचशे वर्षं! अंगावर धड कपडा नाही, म्हणजे बाहेर जायचा प्रश्नच नाही. बाजारात जात नाही, चर्चमध्ये जात नाही, दाताच्या डॉक्टरकडे जात नाही... मग तिला भेटायला पावणेदहाचीच वेळ कशाला लागते, सांगा ना मला! पावणेदहाला गेलात तर ती आहे, आणि सव्वादहाला गेलात तर काय, आंघोळीला गेलेली असते?

तुम्ही पत्ते वाटा हो, वाटा, मी बोलतोय म्हणून हात थांबवू नका. पण तुम्हाला सांगतो, या वर्षी एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत कुणी कानाशी म्हटलं तरी मी ताडकन उठून ओळखपत्र काढीन... "आगाऊ बुकिंग आहे का?" दारावरचा विचारतो, खिडकीतली विचारते, फोनवरची बाई विचारते, आणि ती तर बाईसुद्धा नाही, यंत्र आहे, तेही विचारतं. आगाऊ बुकिंग आहे का? अहो, मी नुन्झियो पेत्रेल्ला, या काम्पोबास्सोत चौतीस वर्षं बस चालवली, सात नंबर, स्टेशन ते दवाखाना. माझं कुणी आगाऊ बुकिंग केलं होतं? म्हातारीनं हात केला की मी थांबायचो. संपलं! जन्मात कधी आगाऊपणा केला नाही आणि आता अडुसष्टाव्या वर्षी मला आगाऊ व्हायला सांगतायत!

मूळ दुखणं सोमवारचं. आमचं लग्न चौऱ्याऐंशी सालचं, मधुचंद्राला गेलो फ्लॉरेन्सला. हॉटेलची खोली एवढीशी, एक जण उभा राहिला की दुसऱ्यानं पलंगावर चढायचं, नाहीतर दार उघडत नाही. तरी म्हटलं असू दे, बायको शाळेत शिकवते, तिला ते मोठं चित्रांचं म्युझियम दाखवू, खूश होईल. गेलो... तर दार बंद! का? सोमवार! सोमवारी म्युझियमं बंद असतात हे तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं. एर्सिलियाला होतं! पण ती म्हणते, "तेव्हा लग्नाला चारच दिवस झाले होते, एवढ्यात नवऱ्याला गाढव कसं म्हणायचं, म्हणून गप्प बसले." पुढच्या चाळीस वर्षांत ही कसर तिनं पुरेपूर भरून काढली, तो भाग वेगळा.

मग बंद दारासमोरच्या टपरीवरून मी तिला एक छापील चित्र घेऊन दिलं. तीच ती, शिंपल्यावर उभी, लांबलचक केस, वारा सुटलाय. ते चित्र छत्तीस वर्षं एर्सिलियाच्या वर्गात भिंतीवर होतं. डॉन एलिजियो, आपले पाद्री, धर्माचा तास घ्यायला यायचे, ते आल्या आल्या त्या बाईच्या कमरेखाली शाळेचं कॅलेंडर अडकवायचे. ते गेले की एर्सिलिया कॅलेंडर काढायची. छत्तीस वर्षं हे चाललं, दोघं एकमेकांना एक शब्द बोलले नाहीत! निम्मं गाव त्या बाईकडे बघत पाढे शिकलंय. हसू नका कार्मिने, तुमचा मुलगा तिच्याकडे बघता बघताच नापास झाला.

तर एर्सिलिया निवृत्त झाली, चित्र गुंडाळी करून घरी आलं, आणि या मे महिन्यात तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली, घरी आली, मी समोर उभा, म्हटलं आता काय म्हणते... तर म्हणते, "नुन्झियो, तुझ्या कानात केवढे केस आहेत!" हे पहिलं वाक्य. आणि दुसरं वाक्य, "आता या डोळ्यानं मला ती खरी बघायची आहे." कारण डावा डोळा... डॉक्टर म्हणाले, डाव्याचा पडदा खराब आहे, तो जाणार, आणि उजव्याचाही मी फार वर्षांचा शब्द देत नाही. हे त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. तिला काय, तिला सगळं कळलेलंच होतं, छत्तीस वर्षं पोरांची कुजबुज ऐकलेले कान आहेत ते.

म्हटलं, जायचं! आमची मुलगी लोरेदाना तुरिनला असते, तिचा लगेच फोन, "पप्पा, आगाऊ बुकिंग केलंत का?" म्हटलं, गप्प बस, मला सगळं माहीत आहे, महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी म्युझियमं फुकट असतात. फुकट! बस ड्रायव्हरच्या पेन्शनीत हा शब्द किती गोड लागतो म्हणून सांगू? आधी पासष्टीनंतर सगळ्यांना कायमच फुकट होतं. मी पासष्टीच्या दिशेनं सरकायला लागलो आणि ते बंद केलं, जणू माझ्यावरच डोळा ठेवून होते! शिक्षकांना फुकट आहे, हो, पण नोकरीत असेपर्यंतच. म्हणजे पंचवीस पोरं गळ्यात आहेत, मरायला फुरसत नाही, तोवर या, खुशाल या. आणि निवृत्त झालात, वेळच वेळ आहे... काढा पैसे!

ते जाऊ द्या. जुलैचा पहिला रविवार. शनिवारी पहाटेची बस रोमपर्यंत, तिथून सगळ्यात स्वस्त गाडी, प्रत्येक झाडापाशी थांबणारी. मुक्काम नन्सच्या मठात, खोलीत भिंतीवर एवढे संत की कपडे बदलायची लाज वाटावी. रविवारी सकाळी साडेआठला आम्ही रांगेत. मला वाटलं लवकर आलो. कुठलं! आमच्या पुढे इतकी माणसं, इतकी माणसं, की रांगेचं तोंड म्युझियमपाशी आणि शेपूट नदीवर. उन्हाचा असा तडाखा की आमच्या पुढचा जर्मन तांबडा लाल, टोमॅटोच! साडेतीन तास, तुम्हाला सांगतो, साडेतीन तासांत आम्ही एका आईस्क्रीमच्या दुकानापासून दुसऱ्या आईस्क्रीमच्या दुकानापर्यंत गेलो. आतले लोक बाहेरच येईनात. कशाला येतील, आत गार, फुकट, बसायला बाकं!

एर्सिलियाला चक्कर आली. पडली नाही, माझा दंड धरला, पण असा धरला की मला कळलं. सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि मी थेट तिकीटखिडकी गाठली. येताना मी घरून काचोकावाल्लो चीजचे दोन गोळे आणले होते, दोरीनं एकत्र बांधलेले, एकेक सव्वा किलोचा. गावाहून कुणाकडे रिकाम्या हातानं जातात का? खिडकीतली बाई वर न बघता म्हणाली, "आगाऊ बुकिंग आहे का?" मी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच चीज पुढ्यात ठेवलं. म्हटलं, "ताई, आम्ही काम्पोबास्सोचे." ती म्हणते, "ते कुठे आलं?" म्हटलं, "मोलिझेत." तर ती चष्मा खाली करून, "अगंबाई! म्हणजे मोलिझे खरंच आहे?" ऐकलंत? अख्खा देश आमच्या एवढ्याशा प्रांताची ही एकच थट्टा करतो आणि प्रत्येकाला वाटतं आपल्यालाच सुचली! म्हटलं, "नाही हो ताई, मोलिझे नाहीच, हे चीज आभाळातून पडलं." मग मी आवाज खाली आणून सगळं सांगितलं... बायकोचा डोळा, सोमवार, छत्तीस वर्षं, चक्कर. ती मनानं वाईट नव्हती. तिनं ते चीज दोन्ही हातांनी उचललं, वास घेतला, आणि माझ्याकडे परत सरकवलं. म्हणाली, "काका, बुकिंग नाही हे. चीज आहे."

परतीच्या गाडीत एर्सिलिया एक शब्द बोलली नाही. आता तुम्ही तिला ओळखता. ती बोलते तेव्हा घाबरायचं कारण नसतं. ती काम्पोबास्सोपर्यंत गप्प! रात्री लोरेदानाचा फोन, "पप्पा, मी इथून करून देते ना, पाच मिनिटांचं काम आहे." आणि मी... इथेच माझी जीभ झडायला हवी होती... मी म्हटलं, "काही गरज नाही. मी स्वतः करीन."

पाच मिनिटांचं काम! सप्टेंबर उजाडला. संगणकावर पहिलीच जी पाटी आली तिच्यावर दाबलं, तिकिटाचे चौपट पैसे, वर एक ग्लास वाइन आणि वाटेत चामड्याच्या पट्ट्यांचं दुकान दाखवणार! एर्सिलिया मागून म्हणते, "अरे, हे म्युझियम नाही, हे दलाल आहेत." शेवटी खरं पान सापडलं. तिथे आणखी गंमत, तिकिटाचे पैसे वेगळे आणि तिकीट आगाऊ काढल्याबद्दलचे चार युरो वेगळे. म्हणजे मी त्यांना महिनाभर आधी पैसे देतोय, माझे पैसे त्यांच्याकडे आरामात झोपलेत, आणि झोपायचं भाडं मीच भरायचं! बरं म्हटलं, भरतो. पुढचं पान. "तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा. ज्या चौकोनांत बस आहे ते निवडा."

मला! मला बस ओळखायला सांगतात!

म्हटलं आता बघाच. बाही सरसावून बसलो. पहिला चौकोन, बस. दुसरा... ती बस नव्हती हो, मुलांची ने-आण करायची व्हॅन होती, नीट बघितलं तर दार बाजूला सरकणारं. सोडली. तिसऱ्यात ट्रॉलीबस, वर तारा स्पष्ट दिसत होत्या. आता ट्रॉलीबस ही बस का? यावर आमच्या युनियनमध्ये तीन दिवस भांडण झालं होतं, दोन खुर्च्या मोडल्या होत्या! सोडली. चौथ्यात नुसता आरसा. आरसा म्हणजे काय बस? "चुकलं. पुन्हा प्रयत्न करा." सात वेळा! सात वेळा त्या डब्यानं मला सांगितलं की नुन्झियो पेत्रेल्ला, तुला बस कळत नाही! मी ओरडायला लागलो तेव्हा एर्सिलिया बटाटे सोलता सोलता आली, ओल्या बोटानं टक टक टक टक, व्हॅन, ट्रॉलीबस, आरसा, सगळं दाबलं... उघडलं! म्हणाली, "तू बरोबर उत्तर देत बसू नकोस रे. त्याला काय हवंय ते दे." शिक्षिका कुठली!

आत गेलो तर कोपऱ्यात घड्याळ उलटं पळतंय. "तुमची तिकिटं दहा मिनिटं राखून ठेवली आहेत." नाव, आडनाव, जन्मतारीख, सोळा अक्षरी कराचा नंबर, कार्ड... कार्ड कुठे? कार्ड पॅन्टच्या खिशात, पॅन्ट दोरीवर! धावलो, आलो, एक मिनिट वीस सेकंद, दाबलं... झालं! एर्सिलिया पेत्रेल्ला, बारा ऑक्टोबर, पावणेदहा. मी खुर्चीत मागे रेललो आणि बघतो तर... तिकीट एक. अहो, 'किती जण' या रकान्यात एकाचे दोन करायचे राहिले! ठीक आहे, म्हटलं, घाबरायचं नाही, दुसरं काढू. पुन्हा रांग, "तुमच्या आधी दोन हजार तीनशे लोक आहेत," पुन्हा बस, या वेळी मी आरसासुद्धा दाबला, पुन्हा घड्याळ, तारीख बारा, दाबली, पावणेदहा, दाबली, नुन्झियो पेत्रेल्ला... झालं! दोन कागद छापून फडताळात, चहाच्या डब्याखाली. रोज एकदा काढून बघायचो. एर्सिलिया म्हणायची, "आता पुरे, झिजतील ते."

बारा ऑक्टोबर. पुन्हा पहाटेची बस, पुन्हा झाडाझाडापाशी थांबणारी गाडी, पुन्हा नन्स... म्हणजे ते सगळं अकराला, आदल्या दिवशी. बाराला नऊ वाजताच आम्ही दारावर. एर्सिलियानं निळा कोट घातलेला, मुलांच्या परीक्षेच्या दिवशी घालायची तो. दारावरची मुलगी गोड हसून म्हणाली, "आगाऊ बुकिंग आहे का?" आणि तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षांत एवढ्या रुबाबात मी काही बोललो नसेन. छाती काढून म्हटलं, "आहे!"

तिनं हातातलं यंत्र एर्सिलियाच्या कागदावर धरलं. टिंग! हिरवं. माझ्या कागदावर धरलं. भ्रँऽऽ! लाल. पुन्हा धरलं. भ्रँऽऽ! मागची रांग माना उंचावून बघायला लागली. ती मुलगी कागद जवळ नेऊन म्हणाली, "काका, हे बारा तारखेचंच आहे..." म्हटलं, मग? "...पण नोव्हेंबरच्या."

त्या मेल्या पानानं दुसऱ्या वेळी महिना स्वतःच पुढे ढकलला होता! मी म्हटलं, "बाळ, तुम्हीच म्हणता ना आगाऊ हवं? मग हे घे, एक महिना आगाऊ! इतका आगाऊ माणूस तुझ्या अख्ख्या रांगेत दुसरा दाखव!" तिला हसू आवरेना. पण नियम म्हणजे नियम, आजची तिकिटं संपलेली, नाव बदलता येत नाही, तारीख बदलता येत नाही, पैसे परत मिळत नाहीत.

आणि एर्सिलिया काय म्हणाली माहितीये? कोटाची बटणं लावली आणि म्हणाली, "चल, परत जाऊ. तुझ्याशिवाय मी नाही जात. मला काय, घरी छापील आहेच." अगदी शांत आवाजात. मागे लोक कुरकुरतायत, पुढे ती मुलगी उभी आहे, आणि मला त्या डॉक्टरांचा तो चेहरा आठवला, मला बाहेर बोलावलं तेव्हाचा... मी ओरडलो तिच्यावर. भर दारात! "एर्सिलिया, आत हो! सोमवार माझी चूक, रविवार माझी चूक, नोव्हेंबर माझी चूक, आणखी एक चूक माझ्या डोक्यावर ठेवलीस तर मी इथेच आडवा होईन! जा म्हणतो ना!" चाळीस वर्षांत मी तिला काही सांगितलं आणि तिनं ऐकलं असं एकदाच घडलं. हातातली पर्स माझ्याकडे दिली, आत पाण्याची बाटली आणि सफरचंद कापायची सुरी होती, ती आत चालत नाही, आणि गेली. मागे वळून म्हणाली, "तासाभरात येते."

तासाभरात! बाहेर पडायचं दार मागच्या बाजूला. मी तिथे जाऊन उभा राहिलो. अकरा वाजले. बारा वाजले. काखेत बायकांची तपकिरी पर्स घेऊन एक म्हातारा दोन तास एकाच दारावर घुटमळतोय म्हटल्यावर एक पोलीस आलाच. "पर्स कुणाची?" "बायकोची." "बायको कुठे आहे?" "शिंपल्यावरच्या बाईकडे गेलीये." "केव्हा येणार?" म्हटलं, "साहेब, मी पण तोच विचार करतोय." एक वाजला. आत केवढे जिने, तिचा डोळा, जुलैतली ती चक्कर... फोन लावला. रिंग वाजते, वाजते... मी म्हटलं उचलत का नाही ही, झालं तरी काय हिला! आणि पोलीस म्हणतो, "काका, तुमची पर्स वाजतेय."

पळत पुढच्या दारावर गेलो. ती मुलगी जाऊन तिच्या जागी एक मिशीवाला आलेला. म्हटलं, "अहो, माझी बायको आत आहे, साडेतीन तास झाले, नुसतं बघून येतो." तो म्हणतो... काय म्हणतो? सांगा तुम्हीच! हां, बरोबर. "आगाऊ बुकिंग आहे का?" बायको शोधायलासुद्धा! म्हटलं, "आहे हो, नोव्हेंबरातलं. तोवर ती आत उपाशी मरेल!"

पावणेतीनला ती बाहेर आली. बरोबर आतल्या दालनाची एक राखणदारीण, तिचा हात धरून. ती बाई मला म्हणाली, "या तुमच्या? पाच तास एकाच बाकावर. चित्रासमोर फोन घेऊन गर्दी करणाऱ्यांना यांनी ओळीत उभं केलं, उंच मागे, बुटके पुढे. बारा वर्षांत आमचं कुणी ऐकलं नाही, यांचं जपान्यांनीसुद्धा ऐकलं."

मी म्हटलं, "एर्सिलिया, बरी आहेस ना? कशी होती?" ती माझा दंड धरून म्हणाली, "नुन्झियो, ते गुलाब आहेत." म्हटलं, कुठले गुलाब? "वाऱ्यात. हवेत सगळीकडे. आपल्या चित्रात ते ठिपके होते ना, पोरं विचारायची, बाई हे काय आहे, आणि मी सांगायचे, छापखान्याचे डाग आहेत रे, तिकडे बघू नका. छत्तीस वर्षं! डाग नाहीत ते. फुलं आहेत. एकेक पाकळी दिसते." आणि भर रस्त्यात रडायला लागली... आणि मग हसायला लागली, आणि घरी आल्यावर आठ दिवस तिनं दुसरं काही केलं नाही, वही काढली आणि जुन्या पोरांना एकेकाला फोन. कार्मिने, तुमच्या मुलालाही आला असेल. पंचेचाळीस वर्षांचा गडी, बँकेत साहेब, आणि फोनवर ही सांगतेय, "बाळा, ते डाग नव्हते."

आता माझं तिकीट. बारा नोव्हेंबर! आदल्या दिवशी, अकराला, एर्सिलियानं डबा भरून दिला, शर्टाला इस्त्री केली, मी पहाटे बसथांब्यावर... आणि बस नाही. संप! कुणाचा? माझ्याच युनियनचा! माझ्या हाताखाली शिकलेली पोरं फलक धरून उभी, मला बघून म्हणतात, "उस्ताद, या ना, आमच्यात उभे राहा!" काय करता... उभा राहिलो. डबा सगळ्यांनी मिळून खाल्ला.

म्हणून तर मी म्हणतो, मला विचारूच नका. अख्खं गाव विचारतंय, नुन्झियो, या वर्षात दोनदा फ्लॉरेन्सला गेलास, सांग की, कशी आहे रे ती? मला काय माहीत कशी आहे! मी तिला बघितलेलीच नाही. मी बघितलं ते एवढंच, पावणेतीनला दार उघडलं आणि एर्सिलिया बाहेर आली. मी अजून तिला दिसलो नव्हतो. आणि तिचं ते तोंड... तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षांच्या संसारात एर्सिलियाचं असलं तोंड मी कधी बघितलं नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही. बरोबर आहे म्हणा... त्या दिवशी तिच्यासमोर मी होतो.

टाका पान.